गो ऑफ

हलमध्ये, चर्चच्या तळघरात, मंगळवारी संध्याकाळी
मॉरीनबाई फळ्यावर लिहितात : गो ऑफ.
दूध गो ऑफ होतं, म्हणजे नासतं.
गजर होतो, म्हणजे वाजतो.
दिवे होतात, म्हणजे विझतात.

लेतेब्रहान थेट मासळीच्या कारखान्यातून आलेली,
बोटं अजून गार, पेन्सिल धड धरवत नाही.
जाणं एकच ना?
मग त्यानं एकदा वाजायचं, एकदा विझायचं,
हे कसं?

मागून मुंतासिर म्हणतो, "बॉम्बसुद्धा."
हीटर तेवढा घुरघुरत राहतो.

ती उभी राहते. वाक्य जुळवते :
"माझा भाऊ गो ऑफ…"
अडते.

बाई हळूच म्हणतात, "गो ऑन."

ती पिशवी उचलते.
डोव्हरला शिपाई हेच म्हणाला होता,
दाराकडे बोट दाखवून.