दुसऱ्यांदा आवळताना

शिरोलीहून मगदूम शेठचा फोन:
"बँड हीटर पायजेत, सहा नग. चांगल्यातले."
व्यास सांगतात, रुंदी विसरतात.
मी विचारते, बॅरलचं टोक मोकळं आहे का?
पट्टा पुढून सरकेल, की कॉलर आडवी येते?
"बगून सांगतो," म्हणतात,
आणि बघत नाहीत.

मग मीच जाते, टेप घेऊन.
नोझलला चार बोटं जागा. तिथे एकसंध पट्टा,
अभ्रकाचा, एका बोल्टावर मिटणारा.
मागे मात्र दोन अर्धगोल, समोरासमोर,
कारण एका हीटरसाठी अख्खं मशीन
कोण खोलत बसणार रात्रपाळीला?
थर्मोकपलच्या भोकापुरती खाच
पत्र्यात आधीच कापायची.
वायरींची तोंडं खाली नकोत, प्लास्टिक गळतं तिथे.
आणि पारा चारशेच्या वर जाणार असेल
तर अभ्रक नको, चिनीमातीचे मणी घ्या,
एकात एक अडकवलेले, मणक्यासारखे वाकणारे.
महाग पडतात.
इथे मगदूम शेठ खोकतात.

अब्बांनी उद्यमनगरात एकतीस वर्षं
नायक्रोमची फीत गुंडाळली.
त्यांचं एकच म्हणणं:
"तार सोताहून जळत न्हाई, पोरी.
फट जाळती तिला."
लोखंडाला लोखंड टेकलं नाही
की उष्णतेला जायला वाट उरत नाही,
ती माघारी फिरते, घरातच पेटते.
कागदाएवढी फट.
महिन्याभरात पट्टा काळा.

क्लॅम्पचं सगळं त्यासाठीच.
तापला की पट्टा फुगतो, धरलेलं सोडतो.
बोल्टाखालची स्प्रिंग तेवढं पोटात घेते.
"स्प्रिंग काढून रेट बसवा की," शेठ म्हणाले.
एवढं एक सोडून
मी बाकी सगळ्यात घासाघीस केली.

गेल्या मंगळवारी सीपीआरमध्ये
नर्सनं अब्बांच्या दंडाला पट्टा गुंडाळला.
दंड आता केवढासा राहिलाय.
त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं:
"सिस्टर, फट राह्यली."
ती हसली. सोडून पुन्हा गुंडाळला.
मग जो आकडा आला
तो तिनं कागदावर लिहिला, बोलली नाही.

आज रात्री शिरोलीत, दुसरी पाळी.
सर्जेराव बॅटरी धरून उभा.
पहिल्यांदा तापवून झालं, मीटर दोनशेवर.
स्विच बंद करते, तेरा नंबरचा पाना घेते.
हे दुसऱ्यांदा आवळणं कुणी करत नाही,
बिलात त्याची ओळ नसते,
आणि हातमोज्यातूनही चटका लागतोच.
बोल्ट अर्धा फेरा आत गेला,
मघाशी एवढा घट्ट होता तरी.

"झालं का, मुजावर मॅडम?"
"थांब रे.
अजून पाव फेरा घेतोय."