साल विचारलंस म्हणून

फोटो पोचला, ऋजुता.
तुझं हॉटेल म्हणजे जुनी बँक, हे दोनदा वाचलं.
दगडी खांब, उंच छत, दारात पितळी पाटीवर साल,
आणि तिजोरीच्या खोलीत आता
वाइनच्या बाटल्या आडव्या निजलेल्या.
गिऱ्हाईक बसलं की आधी इमारतीची गोष्ट सांगायची,
दगड कुठल्या खाणीतला, घड्याळ कोणत्या आगीत बंद पडलं,
मग मेन्यू.
ती गोष्ट तू इंग्रजीत पाठ केलीस,
पावकीचे पाढे म्हणायचीस तशी, डोळे मिटून.

परवा कुणा म्हातारीनं विचारलं,
तुमच्या गावात आहे का असं काही जुनं?
राजवाडा, म्हणालीस. सात मजली.
पुढे काही सुचलं नाही.
मग पहाटे इकडे फोन,
बाबा, आपल्या दुकानाचं साल कोणतं?

'आपल्या' म्हणालीस, ते बरं वाटलं.
दुकान पारसमलजींचं. मी फक्त काटा धरतो,
एकतीस वर्षं.

तर शोधलं साल.
शेठ म्हणाले, दादाजींच्या वेळचं असेल.
दादाजींचं साल त्यांनाही ठाऊक नाही.
घरपट्टीच्या पावतीवर नुसता वॉर्ड.
शेवटी स्टुलावर चढून दारावरची तुळई खरवडली,
दागिने घासायच्या ब्रशानं.
सोन्याच्या दुकानाची तुळई, आणि हाताला काय लागलं?
तेल.
कितीक हिवाळ्यांच्या गराडूचं, बोटभर जाड,
काळं, मऊ, अजून वास असलेलं.
त्याखाली एक, मग नऊ,
आणि पुढच्या दोन आकड्यांवर ठोकलेला खिळा.
खिळा काढवेना.
भागीरथच्या दिव्याची वायर त्यालाच अडकवलेली असते.
संवत असेल तर हिशेब आणखी मागे जातो,
शेठ म्हणाले, आणि पान खायला गेले.

म्हातारीला एवढं सांग,
आमच्या इंदूरला सराफ्यात
पेढीचं हॉटेल व्हायला पेढी बुडावी लागत नाही.
साडेआठला काटा पेटीत जातो, शटर खाली येतं,
जमनाबाई झारेकरीण ओट्यापुढची धूळ कुंच्यानं गोळा करते,
घमेल्यात धुते, चिमूटभर पिवळं निघालं तर निघालं.
(हल्ली म्हणते, मुनीमजी, धुळीत जीरावणच जास्त.)
ती उठते न उठते तोच भागीरथची कढई त्या जागी बसते.
सातला जिथे बांगडीचं माप घेतलं
तिथे दहाला भुट्ट्याचा कीस, वर खोबरं.
रात्री दोनला ओटा घासून, पाणी मारून
तो आम्हाला परत.
भाडं विचारेल ती. सांग, चोरी होत नाही, हेच भाडं.
दुकानापुढे रात्रभर माणसं जेवत उभी,
चोरानं शिरायचं कुठून?

एक गोष्ट मात्र तिला सांगू नकोस.
तुझ्या फीच्या वर्षी आईच्या पाटल्या
मीच तोलल्या, याच दुकानात.
तोलताना पंखा बंद करावा लागतो.
शेठ तेवढा वेळ उगाच बाहेर जाऊन उभे राहिले.
काटा थरथरला, थांबला.
आकडा मी नेहमीसारखा मोठ्यानं वाचला.
ऐकायला आईच होती फक्त.
बाहेर आलो तर कढई तापलेली,
भागीरथनं न विचारता दोन द्रोण पुढे केले.
आईनं मसाला जास्त मागितला,
आणि डोळ्यांना पाणी आलं ते त्याच्या नावावर घातलं.

साल मागाहून कळवतो.
दिवाळीला रंग काढतील, तेव्हा खिळ्याचं पाहू.
तोवर एकोणीसशे काहीतरी, म्हण.

आणि हो, त्या बाटल्यांच्या खोलीचं दार
अजून तेच आहे का, जाडजूड, लोखंडी?
रात्री कुलूप घालता की
तिथेही कुणीतरी जागं असतं?