इतिवृत्त

खुर्च्या पाच. चार लाकडी,
एक प्लास्टिकची, निळी, एका पायाला तार गुंडाळलेली.
ती कुणाची हे कुणी ठरवलं नव्हतं,
तरी पहिल्या बैठकीपासून सगळ्यांना माहीत होतं.

मी या वॉर्डाचा सचिव. माझं काम लिहिणं.
कायदा म्हणतो, पाचांत दोन बायका,
त्यातली एक दलित असलीच पाहिजे.
मी लिहायचो : अध्यक्ष श्री. नरध्वज शाही,
मग सदस्यांची नावं, एकाखाली एक,
आणि तळाशी : दलित महिला सदस्य, हजर.
नावापुरती जागा असायची तिथे.
मी ती कोरी ठेवायचो.
कुणी सांगितलं नव्हतं. हात आपोआप पुढच्या ओळीवर जायचा.

पानसरा लुहार.
नवरा कुमाऊंत दगड फोडायला गेला, भाता आता तीच ओढते.
शाहींचे विळे, शाहींचा फाळ
तिच्या ऐरणीवरून धार घेऊन चढण चढतात,
आणि उंबऱ्याशी त्यांच्यावर सोनपाणी पडतं :
पाण्यात नथ बुडवायची, ते पाणी शिंपडायचं,
लोखंड शुद्ध.
नथ घडवलेली तिच्या सोनार मामाने.
हे तिनंच सांगितलं मला, दारात उभी राहून.
मला हसावं की नाही कळेना.

बैठक संपली की शिपाई हर्के तांब्या घेऊन यायचा.
निळ्या खुर्चीवर चार थेंब.
हे इतिवृत्तात येत नाही.

श्रावणात ती लवकर आली
आणि दारालगतच्या लाकडी खुर्चीवर बसली.
कुणी काही बोललं नाही. बोलणार काय?
हर्केने त्या दिवशी दोन खुर्च्यांवर शिंपडलं,
कुठली नक्की, त्याचा गोंधळ झाला.
भाद्रपदात खिडकीजवळची.
आश्विनात माझ्या शेजारची; तिच्या पदराला कोळशाचा वास होता,
मी वही थोडी सरकवली, मग परत होती तिथे आणली.
कार्तिकात अध्यक्ष फोन घ्यायला बाहेर गेले.
परत आले तेव्हा ती त्यांच्या खुर्चीत,
चष्मा नसल्यामुळे कागद लांब धरून
नळयोजनेचा नकाशा बघत होती.

पाणी खाली, धाऱ्यावर. पाऊण तासाची उतरण,
चढण किती ते हर्केला विचारा.
त्या संध्याकाळी पाचही खुर्च्या त्याच्यापुढे
आणि तांब्या अर्धा.
त्याने एकदा खुर्च्यांकडे पाहिलं, एकदा दरीकडे,
आणि तांब्या तोंडाला लावून स्वतःच संपवला.

नकाशात नळ लुहारटोलात होता.
ठरावात तो शाहींच्या अंगणात पोहोचला होता,
मीच पोहोचवला होता, निळ्या शाईने, सुवाच्य.
खाली लिहिलं होतं, सर्वानुमते.

"सह्या करा," अध्यक्ष म्हणाले.
ती म्हणाली, "आधी वाच."
मी वाचलं.
"सर्वानुमते म्हणजे त्यात मीपण?"
"हो."
"मग खोड. मी नाही म्हणते. तसं लिही."
मी अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्ष खिडकीबाहेर.
मी लिहिलं : दलित महिला सदस्य यांचा विरोध.
"विरोध कुणाचा?"
"तुमचाच."
"मग माझं नाव कुठाय?"

नऊ वर्षं हातात लेखणी आहे, कधी अडली नव्हती.
मी लिहिलं : पनसरा लुहार.
ती वाकली. मुलीच्या पाटीवर शिकलेली अक्षरं
एकेक करत ओठांनी चाचपली,
आणि काळं बोट कागदावर टेकवलं.
"इथं काना राहिला."

मी काना दिला.
एवढीशी उभी रेघ.

नळ अजून आलेला नाही. पाइप तालुक्याला पडून आहेत,
अध्यक्ष माझ्याशी तुटक बोलतात,
निळी खुर्ची मोडली, तिच्यावर आता कुणीच बसत नाही.

मागच्या महिन्यात तपासणीला साहेब आले जिल्ह्याहून.
पानं उलटता उलटता थांबले.
"हा डाग कसला?"
म्हटलं, दुरुस्ती.