राजदूतला काटा नाही

मी काटे जुळवतो.
चोपड्यात स्टँडमागे टपरी, वर पाटी:
सुपडू रामा सुतार आणि मुलगा,
वजनमापे दुरुस्ती, परवानाधारक.
मुलगा म्हणजे मी.
अडावदच्या केळीवाल्यांचे, लासूरच्या किराण्यांचे,
बाजारच्या दिवशी सत्रासेनला मिरचीवाल्या बायांचे
दांडे नाकासमोर धरतो
आणि पाच ग्रॅमसाठी भांडतो.

माझ्या गाडीला काटा नाही.

मास्तरांकडून घेतली तेव्हाच
किलोमीटरचे आकडे ४१,८०६ वर थांबलेले.
मास्तर म्हणाले, थांबलंय ते बरंय,
गाडीचं वय वाढत नाही.

मग हिशोब असा:
टाकी फुल्ल केली की वहीत तारीख.
लासूर जाऊन येऊन एक रेघ.
सत्रासेन दोन, वर चढाची अर्धी.
मागे मंगला असली तर पाव.
(पावच का, ती विचारते. मी हेल्मेट घालतो.)
वैशाखात दिवसभर बाजारात उभी राहिली
तर तिचीही एक बारीक रेघ,
कारण ऊनसुद्धा पितं.

रेघांवर भरवसा नसेल तर
गुडघ्यांत धरून हलवायची.
भरली टाकी बोलत नाही.
अर्धी बोलते, डेऱ्यातल्या ताकासारखी.
तळाला गेली की नुसती चूळ.
नाहीतर झाकण उघडून पऱ्हाटीची काडी बुडवायची,
ओल बोटांनी मोजायची,
आणि उडायच्या आत मोजायची.

दहा रेघांना गाडी खोकते.
हात आपोआप मांडीखाली जातो, कॉक रिझर्ववर,
डोळे रस्त्यावरच.
त्यापुढे दोन रेघा. तेवढ्यात पंप गाठायचा.

त्या बुधवारी सत्रासेनहून उतरताना
अकरा रेघा झाल्या तरी खोकली नव्हती.
मी खूश. म्हातारीचं ॲव्हरेज वाढलं.
प्लगच नवा टाकला होता ना.
साडेअकराला एक शिट्टी वाजवल्याचंही आठवतं.

मग खोकली.
हात खाली गेला.
कॉक आधीच फिरलेला.

मागच्या खेपेला मीच फिरवला होता,
आणि पंपावरच्या पोराच्या "कितलं टाकू, भाऊ?"मध्ये
परत आणायचा राहिला.
पंधरा दिवस
शिल्लक आहे असं समजत
मी शिल्लकच जाळत होतो.

ढकलत निघालो. सालईची झाडं, उतरतं ऊन,
एक बैलगाडी माझ्या पुढे गेली.
फाट्यावर पत्र्याच्या शेडपुढे फळीवर पाच बाटल्या,
मागे रुमलीबाई.
गेल्याच बाजारात तिच्या तागडीवर मी
खडूने फुली मारली होती. चाळीस ग्रॅम.

तिने मला पाहिलं, गाडी पाहिली,
परत मला पाहिलं.
"ओ काटावाला. तुझं माप काढ."
मी म्हणालो, राहू दे.
"काढ. मग टाकते."

पिशवीतून पितळी लिटर काढलं.
भर रस्त्यात, सरळ दगड शोधून ठेवलं.
तिने ओतलं. रेघेला लागलं,
आणि वर थोडं,
माझ्या बोटांवरून गार सांडलं.
दोघांपैकी कोणीच काही बोललं नाही.

पन्नास मिली ऑइल घातलं, हलवलं, टाकीत ओतलं.
पंपापेक्षा वीस जास्त घेतले तिने. दिले.
कॉक तसाच ठेवावा लागला;
एवढ्याशाला वरची नळी मिळत नाही.
चौथ्या किकला लागली.
चोपड्याच्या पंपावर आधी मांडीखाली हात घातला,
मग म्हणालो, फुल्ल.

पुढच्या बुधवारी तिची तागडी पहिली घेतली.
दांडा सरळ होता.
एका पारड्याच्या दोरीची गाठ
मिरचीची पूड पिऊन पिऊन जड झालेली.
सोडली, झटकली, शिंकलो, परत बांधली.

दुरुस्तीचे पैसे घेतले.
वीस कमी घ्यावेत असं आलं होतं मनात.
पण तिने मोजून पूर्ण ठेवले
माझ्यापुढे, फळीवर,
आणि माझे मोजून होईपर्यंत थांबली.