दोन पुरव

सदतीस वर्षं मी खिळे जुळवले
ठाकुरद्वारच्या छापखान्यात.
चूक कशी जन्मते ते मला सांगू नका.
केसमधल्या शेजारच्या घरात बोट पडतं, बस्स.
सकाळी कुणाच्या तरी लग्नपत्रिकेत
नवरी बदललेली असते.

माझ्या आईचे वडील, धाकू हरी पुरव,
इलाख्याच्या संघातून दोन सामने खेळले.
घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं,
नळाला पाणी कधी येतं ते ठाऊक असावं तसं.

पण जिमखान्याच्या जाड वहीत, इंग्रजीत,
पहिल्या सामन्यात ते आहेत पुरोव, डी.
दुसऱ्यात पूराब, डी. एच.
पुढे कुणी ती वही उतरवून पुस्तक केलं,
तेव्हा हे दोघे वेगळे निघाले.
एकाचे चार बळी, धाव एकही नाही.
दुसऱ्याच्या धावा सात, बळी नाही.
आधीच एवढीशी कारकीर्द,
तीही वाटून घेतली,
भावकीतल्या खाचरासारखी.

माझगावच्या गोदीत ते दोर वळायचे.
काथ्याचे, तागाचे, मनगटाएवढे.
तुटलेली टोकं उलटा पीळ देऊन एकमेकांत ओवायची;
जोड हाताला लागता कामा नये.
त्याच बोटांत चेंडू.
ओव्हलवर, एका पलटणीविरुद्ध,
बूट मागून आणलेले, दोन बोटं मोठे,
पुढे चिंध्या कोंबलेल्या.
तिसऱ्या षटकानंतर बूट सीमेबाहेर ठेवले
आणि अनवाणी टाकू लागले.
कप्तानाने दुसरीकडे पाहिलं.
चार गोरे तंबूत परतले,
चौथा खेळपट्टीकडे वळून वळून बघत,
जणू खिशातलं काहीतरी तिथे पडलंय.

दुसऱ्या सामन्यात चेंडू वळला नाही.
का, ते आजोबा सांगत नसत.
"नाही वळला," म्हणायचे,
आणि पान लावायला घ्यायचे.

तिसऱ्याच्या दिवशी गोदीत जहाज लागलं.
मुकादम म्हणाला, आज नाही.
एवढंच.
गुडघा मोडला नाही,
अन्याय झाला म्हणून कुणी पत्रक काढलं नाही.
संध्याकाळी सोललेले तळवे घेऊन
वाट वाकडी करून ते मैदानावर गेले.
सामना संपला होता.
माळी पाणी मारत होता.
त्याच्याशी थोडं बोलले. पाण्याबद्दलच.
मग पुन्हा कुणी बोलावलं नाही,
आणि त्यांनी विचारलं नाही.

मागल्या वर्षी मी जिमखान्यात गेलो.
मुलगा सभ्य होता, बसा म्हणाला,
संगणकात दोन्ही नावं टाकून बघितली.
"हे दोघे एकच, याला काही पुरावा?"
मी म्हटलं, पुरवच.
तो हसला नाही.
जिन्यात मलाही त्याचं हसू आलं नाही.

फोटो नाही. टोपी नाही.
आहे ती एक दुपार:
चाळीतल्या खोलीत, फरशीवर,
आजोबा सुपारी टाकतात.
ती निघते खाटेच्या डाव्या पायाकडे
आणि आपटते उजव्या पायावर.
मी सहा वर्षांचा, हातात धुण्याचं धोपटणं.
ते मला बाद करायचे, रोज,
अजिबात दया न दाखवता.
हे कुठल्या रकान्यात भरू?

अर्ज अजून खणातच आहे.
खरं सांगायचं तर
आता मला त्या दुसऱ्याची काळजी वाटते.
पूराब, डी. एच.
सात धावा, बळी नाही.
त्याला कुणी नातवंड नाही,
त्याची चौकशी करायला कुणी जिना चढलेलं नाही.
मी एक सही केली
की तो पुस्तकातून जाईल.
इतकी वर्षं तिथे आहे बिचारा,
एका ओळीच्या जागेत,
पाय पोटाशी घेऊन.