माणशी, महिन्याला

पडद्यावर तक्ता उघडला: तीन रकाने, तीन रंग,
मधल्यावर छोटा झेंडा, "बहुतेक लोक हाच घेतात."
रुबेन वालादारेश एव्होराहून बोलत होता,
पाठीमागे त्याने लावलेला खोटा समुद्र.
"माणशी, महिन्याला," तो म्हणाला.
मी विचारलं, माणूस कुणाला धरायचं?

कारण कोरूशच्या या शेडमध्ये
बेनविंदा आहे, बुचं नुसत्या नजरेनं निवडते,
तिला ईमेल नाही, हवाही नाही.
कुश्तोदिओ आहे, कुऱ्हाडीनं साल सोडवतो
आणि खोडाला ओरखडा येत नाही.
त्याचा पासवर्ड काय ठेवायचा?
एर्मीनिया मंगळवारी येते, गुरुवारी येते,
हिशेब लिहिते, जाते.
तिला पाव माणूस धरता येईल?
रुबेन हसला. "आमच्यात पाव नसतो, दोना लुदोविना."

बाबांनी प्रोग्राम एकदाच विकत घेतला होता, खोक्यातला.
चकती अजून खणात आहे, सुतळीच्या रिळाखाली.
पंधरा वर्षं चालला. आता कुणाची नवी फाईल आली
की अक्षरांच्या जागी चौकोन दाखवतो,
दात पडलेल्या माणसासारखा.

भाड्याचा मला राग नाही. ही शेडही भाड्याचीच.
पण पत्रं माझी, हिशेब माझे,
आणि दर एक तारखेला त्यांच्याच दाराशी
किल्ली मागत मी उभी,
हा घास उतरायला वेळ लागला.

आणि ढग. कसला ढग?
खिडकीत जूनचं आकाश तव्यासारखं तापलेलं,
कापसाच्या बोंडाएवढंही काही नाही वर.
"नक्की कुठे असतं ते सगळं?"
"डब्लिनजवळ. बहुतेक."
त्या बहुतेकखाली मी वहीत रेघ मारली.

इथे झाड नऊ वर्षांतून एकदा देतं.
साल काढली की उघड्या, लालसर खोडावर
पांढऱ्या रंगानं त्या वर्षाचा शेवटचा आकडा.
सहा म्हणजे सोळा साल. त्यात नऊ मिळवा. म्हणजे यंदा.
मधल्या काळात झाड आठवणपत्र धाडत नाही,
कार्डाची मुदत संपली म्हणून सावली काढून घेत नाही.
हे रुबेनला सांगितलं नाही.
पगारी पोरगं, त्यालाही कुणीतरी माणशी मोजत असणार.

यादी केली. सात.
मग आठवा उरला: देओदातो. बाबांची टपालपेटी.
फेब्रुवारीत गेले, पत्रं येतच आहेत.
"त्यांचे पैसे भरू, की त्यांना पुसू?"
पलीकडे शांत. खोटा समुद्र त्याच्या कानाभोवती थरथरला.
"सामायिक पेटी करा," तो हळू म्हणाला.
"तिला माणूस लागत नाही. पैसेही नाहीत."

रात्री उघडली.
मसुद्यांत एक अर्धं पत्र, रीम्सच्या गिऱ्हाइकाला:
*सहाच्या झाडांची साल अजून भरली नाही.
यंदा हात लावावा असं वाटत नाही. तुम्ही जर*
पुढे रिकामं.

झेंड्याचा रकाना मी घेतला नाही.
डावीकडचा घेतला, सात माणसांचा.
वर्षाचा करार केला तर सूट होती,
मी महिन्याचाच केला. एर्मीनियानं कपाळाला हात लावला.

सकाळी कुश्तोदिओबरोबर रानात गेले.
सहाच्या एका खोडावर त्याने दांडा आपटला,
कान दिला, परत आपटला.
"नाही," म्हणाला, आणि कुऱ्हाड खांद्यावर टाकली.

परत येऊन ते वाक्य पुरं केलं:
*थांबू शकलात, तर बरं होईल.*
पाठवल्यावर दिसलं, पाठवणाऱ्याचं नाव बदलायचं राहिलं होतं.

दुपारी उत्तर आलं, एका ओळीचं.
थांबतो, देओदातो.
तब्येत सांभाळ.