छातीच्या उंचीवर

फॉर्मवर रकाना होता : मूळ गाव.
मी लिहिलं दापोली.
रेंज ऑफिसातल्या बाबूने वाचलं दीपाली,
आणि आठवडाभर तेच माझं नाव.

घाटीगावच्या खडकांवर नुसती करधई.
किंजळ-ऐनाच्या सावलीत शिकलेली मी,
मला ही झाडं सरसकट मेलेलीच वाटली.
वहीत लिहीत गेले : मृत, मृत, मृत.
लाखनसिंग गार्ड टेपचं टोक धरून उभा,
काही बोलला नाही.
बाराव्या झाडापाशी नखाने साल खरवडली,
तांदळाएवढी.
आत हिरवं.
"हवा में नमी भर हो, बिटिया,
पानी की राह ये नहीं देखती."
मी खोडरबर मागितलं.
त्याच्या खिशात फक्त बिड्या.

घेर मोजायचा छातीच्या उंचीवर,
म्हणजे एक मीटर सदतीस.
मला ती खूण हनुवटीशी येते.
कुणाची छाती धरली होती
नियम करताना?

रात्री ग्वाल्हेरला, जनकगंजात,
पोतनीसबाईंच्या माडीवर माझी खोली.
त्यांचं मराठी सात पिढ्यांमागे इथे आलेलं :
"थकून राहिलीस ना? जेवून घे, मग लिहीत बस."
तुमचं मूळ गाव कुठलं, बाई?
"कोकणात आहे म्हणतात.
बघितलेलं कुणीच नाही."

आमटीत आमसूल होतं.
कुठून आणता, ते विचारायचं राहिलं.

जेवण झाल्यावर वही उघडली.
पेनने लिहिलेलं, पुसणार कसं?
बारा ओळी खोडल्या,
खाली वाचता येतील अशा.